रांजणवाडी झाली? घाई नको, शेक द्या!

मुलांची परीक्षा तोंडावर आली किंवा घरात कार्य निघालं, की नेमकी कुणाला तरी रांजणवाडी होते. पापणीच्या कडेला लालभडक, ठणकणारी पुळी! मग जो तो वैद्य होतो. सासूबाई लवंग उगाळून लावायला सांगतात, शेजारीण तळहातावर बोट घासून चटका द्यायला सांगते आणि आपला हात जातो तो कपाटातल्या जुन्या मलमाकडे.

माझ्या धाकट्या जावेनं नणंदेच्या लग्नात रांजणवाडी चक्क नखानं फोडली. दुसऱ्या दिवशी अख्खी पापणी सुजून डोळा मिटला. अक्षता टाकायच्या सोडून बिचारी दवाखान्यात बसली!

मैत्रिणींनो, रांजणवाडी म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. पापण्यांच्या कडेला तेलकट द्राव सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबली आणि तिथं जंतू वाढले, की पू धरतो. हे जंतू बहुधा आपल्याच कातडीवरचे असतात. हात न धुता डोळे चोळले, की त्यांना आयती वाट मिळते.

यावर खरा उपाय बिनखर्चाचा आहे. उकळलेलं पाणी सोसवेल इतकं कोमट होऊ द्या. मनगटावर थेंब टाकून पाहा. स्वच्छ मऊ कापड त्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर ठेवा. गार झालं की पुन्हा भिजवा. असं १० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. उष्णतेनं घट्ट झालेला द्राव पातळ होतो, तोंड मोकळं होतं आणि पू आपोआप वाहून जातो. बहुतेक रांजणवाड्या आठवड्या-दोन आठवड्यांत अशाच बऱ्या होतात.

तोवर काजळ बंद. तुमचा टॉवेल वेगळा ठेवा आणि काजळाची डबी मायलेकींतसुद्धा एकच वापरू नका. लवंग डोळ्यात गेली तर आग होते, म्हणून ती नकोच. जुनं मलम तर मुळीच नको. काही मलमांत स्टेरॉइड असतं. ते डॉक्टरांना न विचारता लावत राहिलं, तर काचबिंदू किंवा मोतीबिंदूपर्यंत पाळी येऊ शकते.

ठणका गेला, पण टणक गाठ तशीच राहिली, तर शेक चालू ठेवा. महिनाभरात ती विरली नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारख्या खपल्या धरत असतील, तर शेकानंतर ओल्या स्वच्छ कापडानं कडा रोज हलक्या हातानं पुसा आणि डोक्यातल्या कोंड्यावरही इलाज करा. रांजणवाडी पुन्हा पुन्हा होत असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या.

मात्र सगळी पापणी सुजली, ताप आला, डोळा फिरवताना दुखू लागलं, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा अंधुक दिसू लागलं, तर शेकत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लहान मुलांच्या बाबतीत तर रात्रसुद्धा काढू नका.

एरवी मात्र कोमट पाणी, मऊ कापड आणि थोडा धीर, एवढंच औषध पुरे. आणि हो, आधी हात धुवायचे बरं का!