पार्किंगच्या कॉलममधल्या रिंगा कुणी पाहिल्या आहेत?



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागातली दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. तेव्हापासून महाराष्ट्राने एकच धडा पाठ केला आहे: दगडमातीचं घर मारतं, स्लॅबचं घर तारतं. हा धडा अर्धाच आहे. उरलेला अर्धा लपवून शहराशहरांत फ्लॅट विकले जात आहेत आणि जाहिरातीत ऐटीत छापलं जातं, ‘भूकंपरोधक आरसीसी बांधकाम’.

उरलेला अर्धा धडा अहमदाबादला मिळाला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये भचाऊजवळ, अहमदाबादपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होतं. तरी अहमदाबादेत शेकडो माणसं मेली. पडलेल्या इमारती सिमेंट-सळईच्या होत्या. बहुतेक ग्राउंड प्लस चार, खाली मोकळं पार्किंग आणि वर फ्लॅट. आपण राहतो तसल्याच.

त्या का पडल्या, यात गूढ काही नाही. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असतात, त्यामुळे ते एकसंध खोक्यासारखे ताठ राहतात. तळमजल्यावर भिंती नसतात. जमीन हलली की सगळं वाकणं तिथल्या कॉलमच्या वाट्याला येतं. कॉलम मोडले की वरचे चार मजले जसेच्या तसे खाली बसतात. २००२ च्या भूकंपविषयक भारतीय मानकाने अशा मजल्याचे कॉलम अडीचपट जोरासाठी बांधा म्हणून सांगितलं. २०१६ च्या मानकाने त्या मजल्यात काँक्रीटच्या भिंती किंवा तिरके आधार मागितले. आपल्या गल्लीतल्या किती पार्किंगांत हे दिसतं, ते जाता-येता बघा.

पार्किंग नको, असं आमचं म्हणणं नाही. गाड्या कुठे तरी लावाव्याच लागतात. पण काँक्रीटच्या भिंती दोन्ही दिशांना, समतोल साधून उभ्या करता येतात. सगळ्या एकाच कोपऱ्यात लिफ्टभोवती कोंबल्या तर इमारत पिळवटते. अशा भिंतींपायी गाडीच्या एक-दोन जागा जातात, आणि त्या विकता येत नाहीत. खरं दुखणं हे आहे.

आता रिंगांकडे या. हे लिहिणाऱ्या आमच्यातल्या काहींनी साइटवर उमेदीची वर्षं घालवली आहेत, म्हणून हे जरा सविस्तर. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या आडव्या रिंगा बांधतात, त्या आतलं काँक्रीट आवळून धरतात. भूकंपात बाहेरचं कव्हर आधी गळून पडतं. त्या वेळी रिंगेचं टोक काटकोनात नुसतं दुमडलेलं असेल तर ते उलगडतं, काँक्रीट बाहेर सांडतं आणि उभ्या सळया फाकतात. म्हणून आयएस १३९२० हे मानक सांगतं की टोक १३५ अंशांत वळवून आत काँक्रीटच्या गाभ्यात शिरवा, वळणापुढे निदान ६५ मिलिमीटर सळई ठेवा. कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांना, निदान दीड फूट लांबीत, दोन रिंगांमधलं अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. बीम आणि कॉलम जिथे मिळतात त्या सांध्यातही रिंगा हव्यात. सळयांचे जोड कॉलमच्या मधल्या भागात घ्यायचे. कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी नको.

आणि साइटवर काय चालतं? टोक काटकोनात, कारण फिटरला वजनावर पैसे मिळतात आणि १३५ अंशांत वळवायला वेळ जातो. सांध्यात रिंग नाही, कारण तिथे हात पोचत नाही. जोड स्लॅबच्या लगेच वर, कारण तिथेच सोयीचं पडतं. कॉलम नऊ इंची, कारण तो भिंतीबाहेर डोकावला तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. हा शेवटचा दोष आपला आहे, तो फिटरच्या माथी मारू नका.

‘पण आमच्या आरसीसी कन्सल्टंटने कॉम्प्युटरवर हिशोब केला आहे’, हे उत्तर ठरलेलं. केला असेल. मात्र त्यातली ग्यानबाची मेख समजून घ्या. इमारत जराही न मोडता उभी राहायची असेल तर तिला जेवढा जोर सोसावा लागेल, त्याला मानक ५ ने भागू देतं. हे भागणं एका अटीवर आहे: रिंगा वर सांगितल्या तशाच हव्यात. म्हणजे इमारतीला तडे जातील, बीमची टोकं वाकतील, पण ती कोसळणार नाही आणि माणसं जिवंत बाहेर पडतील. रिंगा तशा नसतील तर ५ ने भागण्याचा हक्कच उरत नाही. कागदावर सवलत घ्यायची आणि साइटवर तिची अट मोडायची, याला आम्ही फसवणूक म्हणतो.

‘आपल्याकडे कुठे भूकंप होतो?’ असंही विचारलं जातं. १९९३ साली लातूर नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं. २०१६ च्या मानकाच्या नकाशात मुंबई आणि पुणे त्याहून धोक्याच्या झोन ३ मध्ये आहेत. कोयना झोन ४ मध्ये, आणि तिथला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवणारी माणसं अजून आपल्यात आहेत.

तुर्कस्तानकडे बघा. मानक उत्तम होतं. पण निवडणुकीच्या तोंडावर, २०१८ साली, सरकारने पैसे भरून घेऊन बेकायदा इमारती कायदेशीर केल्या. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात तिथे पन्नास हजारांवर माणसं मेली. आपल्याकडेही दंड भरून बांधकाम ‘नियमित’ होतं. पावतीने कॉलममध्ये एक रिंगही वाढत नाही.

जुन्या सोसायट्यांनी ‘स्ट्रक्चरल ऑडिट झालं’ म्हणून निर्धास्त राहू नये. बहुतेक ऑडिट गळती, गंजलेली सळई आणि सुटलेलं प्लॅस्टर पाहतं. भूकंपात इमारत टिकेल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी आयएस १५९८८ हे वेगळं मानक आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यानुसार तपासणीचा ठराव मांडा. रंगकाम वर्षभर थांबलं तरी चालेल, पार्किंगच्या कॉलमचं जॅकेटिंग (बाहेरून नवं वेष्टन देऊन केलेली मजबुती) थांबवू नका.

नवा फ्लॅट घेणाऱ्यांना आणि पुनर्विकासात उतरलेल्या सभासदांना आमचं सांगणं: काँक्रीट पडल्यावर रिंग पुन्हा दिसत नाही. म्हणून ते पडण्याच्या आदल्या दिवशी साइटवर जा. सोबत तुमचा स्वतःचा इंजिनिअर न्या. पार्किंगच्या प्रत्येक कॉलमचा आणि सांध्याचा फोटो काढा, त्यावर कन्सल्टंटची सही घ्या, आणि पुढचा हप्ता त्यानंतरच द्या.