शिवारातले संशोधन आणि चावडीवर न आलेला अहवाल

औंढा नागनाथला आजवर माणूस जायचा तो ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला. आता हिंगोली जिल्ह्यातल्या त्याच तालुक्यात 'लायगो-इंडिया' नावाची मोठी प्रयोगशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. मे २०२३ मध्ये पायाभरणीही झाली. काटकोनात मांडलेले चार-चार किलोमीटर लांबीचे दोन नळ, आत हवा नाही, आणि त्यातून जाणारा लेसरचा किरण. दूर आकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की त्याचा हादरा अवकाशातून इथवर येतो आणि त्या नळांच्या लांबीत अणूच्या गाभ्यापेक्षाही कितीतरी बारीक फरक पडतो. तो फरक मोजायचा, हे इथले काम. अमेरिकेतल्या अशा यंत्रांनी हा हादरा पहिल्यांदा टिपला तो सप्टेंबर २०१५ मध्ये, आणि २०१७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्या कामाला मिळाले.

मग एवढी मोठी गोष्ट आपल्या मराठवाड्यात कशी आली? जमीन मोकळी आणि शांत आहे म्हणून. इतके बारीक मोजायचे तर रेल्वेचा धडधडाट नको, सुरुंग नकोत, जड वाहतूक नको. म्हणजे ज्या मागासलेपणाबद्दल आपण वर्षानुवर्षे ओरडत आलो, तेच इथे गुण ठरले. आता आसपासच्या गावांचा प्रश्न सरळ आहे. यंत्र सुरू झाल्यावर खडी क्रशर, खदानी, मोठे रस्ते यांचे काय होणार? त्याचे उत्तर गावाला गावाच्या भाषेत कोणी आणि कधी द्यायचे?

हा प्रश्न नवा नाही. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या लोकांना विचारा. नारायणगावजवळच्या या गावात टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली, २००१ मध्ये तिचे लोकार्पण झाले. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांना गावोगावच्या शिवारात पसरलेल्या. पत्र्याऐवजी तारेची जाळी वापरली आहे. रेडिओ लहरी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी लांब, त्यामुळे जाळीवरूनही त्या परत फिरतात. वारा मात्र आरपार जातो, सांगाडा हलका राहतो, खर्च वाचतो. शेतकऱ्याला पटेल असा हा हिशेब आहे. जून २०२३ मध्ये अवकाशातल्या अति-मंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जगभरच्या शास्त्रज्ञांच्या गटांनी जाहीर केला, त्यात खोडदच्या नोंदींचा वाटा होता.

पण या दुर्बिणीलाही शांतता लागते. कानाला लागते ती नव्हे, लहरींची. मोबाईल टॉवर, ठिणगी उडणारी विजेची जोडणी, मोठे उद्योग, सगळ्यांचा तिला त्रास. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा या भागातून जाणारा मार्ग दुर्बिणीच्या कारणावरून रेल्वे मंत्रालयाने बाजूला ठेवला, तेव्हा जुन्नर, आंबेगाव, खेडमध्ये नाराजी उसळली ती उगीच नव्हे. टोमॅटो, कांदा, द्राक्षाचा हा पट्टा, त्याला रेल्वे हवी होती. दुर्बीण हलवता येत नाही हेही खरे. मात्र खोडदचे एक चांगले आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, दरवाजे उघडतात, खेड्यापाड्यांतल्या शाळांची पोरे झुंडीने येतात. निदान शेजारी कोण राहतो हे त्या भागातल्या पोरांना ठाऊक आहे. औंढ्यात हे पहिल्या दिवसापासून व्हायला हवे.

आकाशाचे संशोधन करणारा जमीन आणि शांतता मागतो. माणसांचे संशोधन करणारा मागतो त्याहून नाजूक चीज: घरातली माहिती. उत्पन्न किती, कर्ज किती, पोरे किती, दुखणे कोणते. पाहणी करणारा येतो, ओट्यावर बसतो, चहा घेतो, चार पानांचा फॉर्म भरतो. 'काही मिळेल का साहेब?' असे म्हातारी विचारते. तो हसून काहीतरी सांगतो आणि एस.टी. पकडतो. त्याची पदवी होते, बढती होते. म्हातारी तिथेच.

हे आजचे नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली इंग्रजीत पुस्तक काढले. १७७१ मध्ये या गावात सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, असे त्यांनी दाखवले. जमिनीचे तुकडे होतात, कर्ज वाढते, माणूस मजुरीला बाहेर पडतो, ही साखळी तेव्हाच कागदावर आली होती. तुकडेबंदीचा कायदा मुंबई इलाख्यात आला तो १९४७ साली. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडच्या पोटात आहे आणि तिथे उंच इमारती आहेत. लोक शहराकडे जातात हे आपण ऐकतो. इथे शहरच गावावर चालून आले.

सातारा जिल्ह्यातले सुगाव हे दुसरे उदाहरण. हेमलता दांडेकर यांनी या गावावर १९८६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, पुरुष मुंबईला आणि बायका घरी, अशा आशयाच्या नावाचे. १९४२ ते १९८२ या चाळीस वर्षांचा त्यात हिशेब आहे. गिरणीच्या पगाराची मनिऑर्डर गावात काय करते आणि मागे राहिलेल्या बाईवर शेतीचा भार कसा पडतो, हे त्यात आहे. ज्यांच्या घरून हे सगळे घेतले त्यांच्यापैकी किती जण असले इंग्रजी पुस्तक वाचू शकले असतील?

आता आपल्या दाराशी या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीन टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची रीत वेगळी असेल, तरी फरक केवढा!

यामागची कारणे ऊसतोडीच्या गावाला कोणी शिकवायला नको. लहान वयात लग्न, लवकर बाळंतपणे. कोपीला ना मोरी ना संडास. पाळीच्या दिवसांतही पहाटे फडात जायचे, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यात एक जण बसला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेले तर 'पिशवी काढून टाका, नाही तर कॅन्सर होईल' असे सांगणारे भेटले. एकदाची कटकट मिटेल, या हिशेबाने बाईनेही होकार दिला. त्यासाठी पुन्हा उचल, पुन्हा मुकादम.

या पाहणीने काही झाले नाही असे म्हणता येणार नाही. बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. पण अहवाल सरकारला गेला आणि आकडे वर्तमानपत्रांत आले. ज्या बाईची नोंद झाली तिला कमी वयात पिशवी काढल्यावर हाडे लवकर ठिसूळ होण्याचा धोका असतो, तेव्हा पुढे काय तपासायचे, हे तिच्या गावात येऊन सांगण्याची जबाबदारी कोणाची? ते काम नेमून द्यायचे राहिले, असे आमचे मत आहे.

याउलट गडचिरोली पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' संस्था सुरू केली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्यातल्या फार थोड्या आधी उपचाराला गेल्या होत्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले आणि जगाला धक्का बसला. पुढे नवजात बाळांच्या मृत्यूचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. ३९ गावांत थोडे शिकलेल्या बायकांना शिकवले: बाळाचे वजन घ्या, ऊब द्या, श्वास मोजा, जंतुदोषाची लक्षणे ओळखा, गरज पडली तर इंजेक्शन द्या. दुसरीकडे ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षापर्यंत या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

या संशोधनाचा परतावा तुमच्या गल्लीत आहे. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ बघायला येते, ती घरोघर नवजात बालसेवा २०११ पासून देशभर सुरू झाली, तिचे मूळ गडचिरोलीच्या त्या ३९ गावांत आहे. फरक कशात आहे? तिथे माहिती घेणारा माणूस त्याच मुलखात राहिला. जे दुखणे सापडले त्यावर इलाज गावातल्याच बाईच्या हातात दिला. आणि मग पेपर लिहिला.

सगळ्याच अभ्यासकांना गडचिरोलीत जाऊन राहता येणार नाही, हे आम्हालाही कळते. पण अहवालाची एक प्रत, मराठीत दहा पानांचा सारांश, एवढे तर करता येईल? वैद्यकीय संशोधनापुरते भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम आहेत. ज्याच्यावर अभ्यास करायचा त्याला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यायची, आणि निष्कर्ष लोकांपर्यंत पोचवायचे, असे त्यात आहे. सही मागायला आलेल्याला सरपंचाने हे नक्की विचारावे.

दोष एका बाजूचा नाही. समजा अभ्यासकाने प्रत पाठवली, तर ती गावात ठेवायची कुठे? ग्रामपंचायतीच्या कपाटात गेली तर पुढच्या निवडणुकीपर्यंत ती सापडत नाही. जागा खरे तर वाचनालयाची. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, आणि त्याच्याही आधी कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये असा कायदा केला होता, देशात पहिला. राज्यात अनुदानित वाचनालये हजारोंनी आहेत, त्यातली पुष्कळ खेड्यांत. पण 'ड' वर्गाच्या वाचनालयाचे वार्षिक अनुदान २०२२ च्या वाढीनंतरही ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेले, म्हणजे महिना चार हजार. त्यात माणसाचा पगार, पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल. ग्रंथपालाने संध्याकाळी दोन तास दार उघडे ठेवले तरी उपकारच.

तरीही एक काम फुकट होण्यासारखे आहे. विद्यापीठांतून पीएच.डी. झालेले प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर ठेवले जातात. गुजरातेतल्या गांधीनगरच्या सरकारी केंद्राकडे त्याची व्यवस्था आहे. काही लाख प्रबंध, मराठीतलेही भरपूर, वाचायला पैसे नाहीत. तालुक्याचे, नदीचे, पिकाचे नाव घालून शोधले तर आपल्या भागावर कोणी काय लिहिले ते निघते. कॉलेजात जाणाऱ्या पोराला एक दुपार बसवा, कामाची पाने छापून घ्या आणि वाचनालयात 'आपले गाव, आपला तालुका' असे एक कपाट करा. पाणीपातळीवरचा प्रबंध विहीर खोदण्याआधी वाचलेला बरा.

मात्र एक खबरदारी घ्या. कोणाच्या दुखण्याची, कर्जाची नावानिशी माहिती त्या कपाटात जाता कामा नये. गावात गोष्ट उघडी पडली की पोरीचे लग्न मोडते. आणि अहवालात गावाला न आवडणारेही असेल: जातीचे पाणवठे, बालविवाह, सावकारी. ते ठेवायचे की नाही यावर भांडण होईल. होऊ द्या.

काही कागद मात्र बाहेरच्या अभ्यासकाची वाट न बघता गावानेच करावे लागतात. त्यातला एक तातडीचा आहे. जनगणनेची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. २०११ ची मोजणीही ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली होती. त्या महिन्यात आपली निम्मी वस्ती कुठे असते? पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, फडावर. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. कोपीवर प्रगणक पोचला तर माणूस कारखान्याच्या गावात धरला जाईल, न पोचला तर कुठेच नाही. पंचायतीला मिळणारा बराच निधी डोक्यांवर वाटला जातो, आणि एकदा लागलेला आकडा वर्षानुवर्षे चालतो. २०११ चा आपण अजून वापरतोच आहोत. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये हंगामी स्थलांतरित कोणाला म्हणायचे ते ठरवले: महिनाभर किंवा जास्त, पण सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेला. दसऱ्याला गेलेली टोळी पाडव्याच्या पुढे परतली की या व्याख्येच्याही बाहेर जाते.

ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र देण्याचे काम सरकारने २०२१ मध्ये ग्रामसेवकांकडे दिले. आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झाले, काम तेच आहे. ही नोंद पूर्ण असेल तर कोणत्या घरचे किती जण कोणत्या कारखान्याला गेले, हे गावाला स्वतःच्या कागदावरून दाखवता येते आणि तहसीलदारांकडे आधीच लेखी देता येते. त्यासाठी मुकादमांना बोलावून बसावे लागेल. बैठक दसऱ्याच्या आत झाली पाहिजे. टोळ्या निघून गेल्यावर प्रगणकाला दाराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी, एवढेच सापडेल.