बलुतं नको, भाव बोला

दोस्तांनो, सरळ सवाल. बलुतं आणि पगार यात फरक काय?

बलुत्याला भाव नव्हता. खळ्यावर पाटील टाकील ते पदरात घ्यायचं, जोहार घालायचा आणि रात्री-अपरात्री सांगावा घेऊन पळायचं. काम किती, मोल किती, हे विचारायची सोयच नव्हती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं, ते ह्या वेठीवर घाव घालायला. 1958 च्या कायद्यानं वतनं गेली. पण आपल्या टाळक्यातला येसकर गेला का?

हिंजवडीच्या काचेच्या बिल्डिंगीत आपलं शिकलेलं पोरगं एचआरपुढं म्हणतं, ‘तुम्ही द्याल ते, सर.’ घरातली पहिली नोकरी, बापाच्या डोक्यावर कर्ज, म्हणून त्याला घाई. समोरच्याला ती घाई दिसते. शेजारच्या खुर्चीवरचा पेठेतला पोरगा मात्र सही करण्याआधी काकाला फोन लावतो. काका त्याच धंद्यातला. तो सांगतो, बाजारात भाव इतका आहे, ह्याच्या खाली येऊ नकोस. आपल्या काकानं गटारं उपसली. त्याला हा भाव कुठनं ठाऊक असणार? हे ज्ञानही जमिनीसारखं वारसाहक्कानं मिळतं. आणि मायला, ह्यालाच ते मेरिट म्हणतात!

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली आकड्यांनिशी मांडलं: खाजगी नोकरीचा अर्ज, शिक्षण तेच, नुसतं आडनाव वेगळं. तरी दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे दारातच एक कापणी झाली. आत गेल्यावर दुसरी कापणी आपण आपल्या हातानं करून द्यायची?

गणित मांडा. तू 30 हजारांवर मान हलवलीस. शेजारच्यानं 36 मागितले, मिळाले. दोघांना दरसाल 10 टक्के वाढ. पाच वाढींनंतर सहा हजारांची दरी साडेनऊ हजारांच्या वर जाते. पुढची कंपनी विचारते, ‘आधीचा पगार?’ आणि त्याच्यावरच टक्का चढवते. एकदा गप्प बसलास, त्याचे हप्ते वर्षानुवर्षं फेडत बसशील.

सीटीसीच्या आकड्याला भुलू नका. त्यात पीएफचा कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा, मिळेल-न-मिळेल असं ‘व्हेरिएबल’, सगळं कोंबलेलं असतं. हातात किती पडणार ते विचारा. मूळ पगार किती ते विचारा. पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्याच्यावर चालतात. आकडा आधी त्यांना बोलू द्या. भाव चार ठिकाणी काढून जा. घरची अडचण सांगू नका; अडचणीला दया मिळते, भाव मिळत नाही. कामाचं बोला. ठरेल ते कागदावर घ्या. आणि हातातली नोकरी त्याआधी सोडू नका.

‘ऑफर गेली तर?’ जाईलही कधी. घरात चूल विझलेली असेल तर आधी नोकरी धरा, त्यात लाज नाही. पण न विचारताच मान टाकायची, ही सवय आपली नाही. ती आपल्याला लावलेली आहे.

आपलेच काही पंडित नाक मुरडतील: क्रांती सोडून पगाराच्या गोष्टी? त्यांना 7 नोव्हेंबर 1938 ची आठवण द्या. त्या दिवशी बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबईच्या गिरणी कामगारांसोबत संपात उतरला. संपाचा हक्क म्हणजे तरी काय? न पटणाऱ्या मोलाला नाही म्हणायचा हक्क. खाजगी कंपनीत आरक्षण नाही, युनियन बहुतेक ठिकाणी नाही. तिथं एकट्याचं ‘नाही’ तोकडं पडतं, हे खरं.

म्हणूनच एकटं राहू नका. कंपनी म्हणते, पगार गुपित ठेवा. गुपितानं पोट कुणाचं भरतं? वस्तीत सांगा, वसतिगृहात सांगा: कुठल्या कामाला किती मिळतात, कुठं किती कापतात. ज्याला फोन लावायला काका नाही, त्याचे काका आपण व्हायचं.