पाचटाला काडी

ऊसतोड संपता संपता राहात्याला गेलं की रात्री गच्चीवर झोपवत नाही. चहूबाजूंनी पाचट पेटलेलं असतं आणि सकाळी अंगणभर काळी कात पडलेली असते. यंदा मी आमच्या तात्यांना म्हटलं, "तात्या, या वर्षी राहू द्या ना पाचट."

तात्या म्हणाले, "राहू देतो. उंदीर तू पुण्याला घेऊन जा."

त्यांचंही अगदी खोटं नाही. पाचट ठेवलं की उंदीर होतात, सरीतून पाणी पुढे सरकत नाही, खोडव्याचे कोंब दबतात, आणि पसरायला मजूर कोण देणार? काडी मात्र एका संध्याकाळी रान मोकळं करते.

पण काय जळतं याचा हिशोब कुणी मांडत नाही. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. ते सरीत दाबून वर साधारण ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू खत टाकलं की कुजून खत होतं. तोवर जमीन झाकलेली राहते, ओल टिकते, एखाद-दुसरी पाण्याची पाळी वाचते.

आमच्याकडे ही पाळी वाचणं फार मोलाचं आहे. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांनी या दुष्काळी पट्ट्याला भाकरी दिली, हे कुणी नाकारणार नाही. पण उसाला पाटाचं पाणी सोडून द्यायची सवयही लागली. पाणी मुरलं, खालची पातळी वर आली, ऊन लागून पाणी उडालं आणि क्षार वर राहिले. आमचा बांधालगतचा तुकडा असाच चोपण झाला. आजोबांच्या वेळी तिथे गहू व्हायचा. आता पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात पांढरी खपली.

आता माझं मत. नुसतं शेतकऱ्याला शहाणपण शिकवून काही होणार नाही. १९५० साली याच तालुक्यातल्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगिळांच्या साथीने, सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला. एकट्याला न पेलणारं काम दहाजणांनी मिळून करायचं, हाच त्याचा अर्थ ना? मग ऊस तोडायला टोळी कारखाना पाठवतो, तशी टोळीमागोमाग पाचट कुट्टीची यंत्रंही पाठवावीत. पाचटाची कुट्टी झाली की पाणी अडत नाही, कोंब दबत नाहीत, आणि तात्यांच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

उंदरांचं काय, ते मला अजून सुचलेलं नाही!

असो. निघताना तात्या म्हणाले, "एक बिघा ठेवतो तुझ्यासाठी. नाही जमलं तर पुढच्या वर्षी काडी तूच लावायची."

मी हो म्हणून आलोय. आता धाकधूक आहे.