आठ जणांचा वर्ग

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी बी.एस्सी. झाले. तिसऱ्या वर्षाला गणित घेतलेले आम्ही आठ जण होतो. शेजारचं लातूर डॉक्टर-इंजिनिअर घडवण्यासाठी नावाजलेलं, त्यामुळे गावात प्रश्न ठरलेला असायचा: "गणित घेऊन काय करणार? बी.एड.?"

त्या आठांच्या वर्गानेच मला घडवलं. सर प्रत्येकाला फळ्यावर बोलवायचे. खडू हातात आला की पाठ केलेली सिद्धता दुसऱ्या ओळीतच अडते. सीमेच्या (लिमिटच्या) व्याख्येत एप्सिलॉन आधी दिलेला असतो आणि डेल्टा आपण त्याच्यासाठी शोधायचा असतो, हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. फळ्यासमोर तीनदा चुकल्यावर कळलं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या आम्हाला इंग्रजी पुस्तक जड जायचं. सर म्हणायचे, आधी मराठीत वाद घाला, मग इंग्रजीत लिहा. ऐंशी मुलांच्या वर्गात हे जमलं नसतं. हे सर तासिका तत्त्वावर होते, दर जूनमध्ये त्यांची नेमणूक नव्याने व्हायची.

इथे अमेरिकेत आपण मुलांसाठी लहान वर्ग शोधत फिरतो. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात सगळे मिळून सुमारे २,००० विद्यार्थी, तरी तिथला गणित विभाग देशभर नावाजलेला. तिथे वर्ग लहान असणं ही प्रतिष्ठा, आणि आपल्या जिल्ह्यात तीच संख्या विषय बंद पडण्याची भीती होते. पूर्वी भौतिक आणि रसायनासोबत गणित आपोआप घेतलं जायचं. २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांतही आलं, आणि आता मुख्य विषय एकच निवडायचा आहे. घरी पाठबळ नसलेला मुलगा किंवा मुलगी तिथे गणित कशाला निवडेल?

गणिताला प्रयोगशाळा लागत नाही. फळा, चार चांगली पुस्तकं आणि शंका विचारायला माणूस एवढं लागतं. उणीव आहे ती बाहेरच्या जगाशी ओळखीची. पदवीच्या मुलांसाठी १९९३ पासून एमटीटीएस हे गणिताचं उन्हाळी शिबिर भरतं. राहण्या-जेवणाची सोय तिथेच होते. मला त्याचा पत्ता लागला तो एम.एस्सी. संपल्यावर. माझ्याबरोबरच्या सात जणांना तर कधीच लागला नाही, आणि त्यातली एक माझ्याहून कितीतरी हुशार होती.

पर्ड्यू विद्यापीठात शिकवणाऱ्या श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं. परदेशात राहून त्यांनी मायदेशातल्या गणितासाठी घर बांधलं. आपल्याला एवढं मोठं काम करायचं नाही.

इथल्या आपल्या मराठी मंडळाची शिष्यवृत्ती आज फक्त इंजिनिअरिंग आणि वैद्यकीयच्या मुलांना मिळते. त्यातल्या दोन जागा धाराशिवच्या तालुका कॉलेजांत गणित मुख्य विषय घेणाऱ्यांना द्याव्यात, शिबिराचा प्रवासखर्च आणि पुस्तकं मंडळाने द्यावीत, आणि आपल्यापैकी गणित शिकलेल्यांनी महिन्यातून एक शनिवार त्यांच्यासाठी ऑनलाइन बसावं. वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे. मला अनुमोदक हवा आहे, आणि शनिवार देणारी पाच माणसं.