फाईल घ्यावी कागद पाहून



आपल्या भित्तिपत्रकातील लेख व चित्रे उतरवली की आपण ती फाईलला लावून ठेवतो. परवा मागची फाईल उघडली, तर वरची पाने भोकापाशी फाटून बाहेर आलेली! ऊसतोडीच्या हंगामात एक मुलगी चार महिने आपल्या वर्गात होती. तिने काढलेले बैलगाडीचे चित्रही त्यातच फाटले. ती आता गावी गेली. ते चित्र पुन्हा कोण काढून देणार?

यात चूक आमचीच. फाईलीत शंभर कागद बसतात असे ऐकले होते. आम्ही नव्वदच लावले. पण पाने मोजली, जाडी मोजलीच नाही.

कागदाच्या रिमवर ८० जीएसएम असे छापलेले असते. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन ८० ग्रॅम. ए-फोर आकाराचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणून एक कागद ५ ग्रॅमचा. असे १०० कागद दाबून धरले, तर जाडी साधारण १ सेंटिमीटर भरते. चित्रकलेचा कागद १६० जीएसएमचा असेल, तर तेवढेच कागद जवळजवळ २ सेंटिमीटर होतात. त्यावर रंग आणि चिकटवलेली पाने-फुले! मग भोकांवर ताण येणारच की.

कोणी म्हणेल, मोठीच फाईल घ्या, म्हणजे झाले. मला हे पटत नाही. मोठ्या फाईलीत थोडे कागद लोंबकळतात, कोपरे दुमडतात आणि पैसेही जास्त जातात. त्यापेक्षा कागदांची चळत करा, हाताने दाबा, पट्टीने मोजा. २ सेंटिमीटर भरली, तर अडीच सेंटिमीटरची फाईल घ्या. चित्रे आणि लेख वेगवेगळे लावा.

पूर्वी मोडी कागद रुमालात बांधून ठेवत. रुमाल कापडाचा, कागद वाढले की गाठ सैल करायची. पुठ्ठ्याच्या फाईलला ते जमत नाही. तिथे आपणच आधी मोजले पाहिजे.

पालकांना एक विनंती. घरी सातबारा, गुणपत्रके, दाखले एकाच फाईलीत कोंबलेले असतील, तर आज घरी जाऊन एकदा भोके बघा. फाटलेला दाखला परत काढायला किती खेपा पडतात, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.