शेरा आणि खरेदी

कॅननने २०१२ साली ‘ईओएस एम’ हा कॅमेरा आणला, तेव्हा परीक्षकांनी त्याला झोडपून काढले. फोकस साधायला तो इतका वेळ घेई की धावते मूल चौकटीबाहेर निघून जाई. त्याच्या १८ मेगापिक्सेलच्या चित्रांना मात्र फारशी नावे कोणी ठेवली नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेत किंमत निम्म्याहून खाली आली, नव्या फर्मवेअरने फोकसही सुधारला. जुने शेरे तसेच राहिले.

आज तो जुन्या बाजारातच मिळतो. घ्यावा का? बँकेत कर्ज नाकारताना कारण लिहावे लागे. वाईट शेऱ्यालाही तेच विचारावे: दोष कोणता, आणि तो माझ्या वाटेत येतो का? नातवंडांमागे धावणाऱ्याने घेऊ नये. देवळांचे कोरीवकाम टिपणाऱ्याने बॅटरी आणि भिंग तपासून खुशाल घ्यावा.